निळा दिवा आणि आठ थांबलेली चाकं

मी एक जुना निळा दिवा आहे, आणि मित्रांनो, मेंदू माझ्या इशाऱ्यावर चालतो. मी डोळा उघडला की पळता उंदीर जागच्या जागी थांबतो, मी डोळा मिटला की पुन्हा पळायला लागतो. एवढी सत्ता तुमच्या मुख्याध्यापकांकडे तरी आहे का?

आता खरं सांगतो. सध्या मी एका कपाटावर धूळ खात पडलोय. माझ्या डोक्यावर हातमोज्यांचा खोका आहे आणि खोक्यावर कुणीतरी विसरलेली छत्री. उंदीर थांबायचे हे खरं, पण ते का थांबायचे याबद्दल अकरा महिने आमच्या खोलीतल्या सगळ्यांचा गैरसमज होता. सगळ्यात मोठा गैरसमज माझा.

मी स्वभावाने संशयी आहे. त्यात माझा दोष नाही, माझा जन्मच तसा झालाय. एका कार्यशाळेतल्या फिटरने मला जोडलं. पत्र्याची पेटी कुठल्या तरी बाद यंत्राची, आतला दिवा नवा, आणि तोंडावरची झडप एका मोडक्या कॅमेऱ्यातून काढलेली. म्हणजे आपल्यातलं सगळं आपलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. दिवा आत सतत जळत असतो. बटण दाबलं की झडप उघडते आणि उजेड बाहेर पडतो. उघडताना आवाज होतो: टक्.

मला न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "हा आवाज जरा कमी नाही होणार?"

फिटर म्हणाला, "बाई, आवाज येतोय म्हणजे यंत्र चालू आहे. ज्या दिवशी आवाज बंद होईल त्या दिवशी घेऊन या."

बाई हसल्या आणि मला काखेत मारून निघाल्या. मित्रांनो, त्या हसल्या नसत्या तर ही गोष्टच घडली नसती.

माझी नेमणूक झाली एका लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत. खिडकी नाही, भिंती काळ्या रंगवलेल्या, मधोमध टेबल. तिथे मेंदूचा अभ्यास चालायचा. तोही मेंदूतल्या दुर्लक्षित मंडळींचा.

तुम्हाला शाळेत सांगतात की मेंदूत निरोप पाठवणाऱ्या पेशी असतात. त्या चोवीस तास एकमेकींशी बडबडतात. पण त्यांच्या अवतीभवती दुसऱ्याही पेशी असतात, ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या. आमच्या खोलीत त्यांना तारापेशी म्हणतात. त्या बडबडत नाहीत. बडबडत नाहीत म्हणून शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं त्यांना नुसता गोंद समजलं. मेंदू चिकटून राहावा म्हणून भरलेला माल. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जो कोपऱ्यात गप्प बसून सगळ्यांचं ऐकतो, त्याच्यावर आधी नजर ठेवा.

हे मीच म्हणायचो बरं का. आणि मीच नजर ठेवली नाही. ते पुढे येईलच.

तर या तारापेशींना उजेड कळत नाही. म्हणून एका शेवाळाची युक्ती उसनी घेतात. त्या शेवाळाच्या अंगावर उजेडाने उघडणारी इवलीशी दारं असतात. अशा दाराचा नकाशा एका निरुपद्रवी करून ठेवलेल्या विषाणूच्या पाठीवर बांधायचा आणि तो उंदराच्या मेंदूत सोडायचा. तारापेशी नकाशा वाचतात आणि आपल्या अंगावर तसं दार बसवून घेतात. मग केसाएवढी काचेची तार डोक्यात बसवायची, तिचं दुसरं टोक माझ्या तोंडाला जोडायचं. टक्. निळा उजेड आत, दार उघडं, तारापेशी जागी.

दुसरा रस्ता औषधाचा. पेशीवर असं कुलूप बसवायचं की शरीरातली कुठलीच किल्ली त्याला लागत नाही. त्याची किल्ली म्हणजे माणसाने मुद्दाम शोधलेलं एक औषध. ते टोचलं की थोड्या वेळाने कुलूप उघडतं आणि कितीतरी वेळ उघडंच राहतं.

मी दिवा. झटपट, चोख, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम करणारा. आणि ते औषध? छोट्याशा बाटलीत, फ्रीजमध्ये, दार लावून बसलेलं. इतकं लपून बसायचं कारण काय, असं मी पहिल्या दिवशीच मनात म्हटलं.

आता माणसं सांगतो. चारच आहेत.

बाई तुम्हाला भेटल्याच. त्या खोलीच्या प्रमुख. दुसरी चिमटी. ती डॉक्टरेट करत होती. केसांच्या अंबाड्यात कायम प्रयोगशाळेतली एक चिमटी खोचलेली, म्हणून हे नाव. माझ्यावर काम करणारी तीच. तिसरा कंपाउंडर. तोही डॉक्टरेटवालाच, पण दिवसभर औषधाच्या मात्रा मोजत बसायचा म्हणून त्याला हे नाव पडलं. ते चिमटीनेच पाडलं. आणि चौथे मामा. उंदरांची देखभाल मामांकडे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं. मामा फार बोलायचे नाहीत.

मामा मला जीव लावायचे. रोज सकाळी सात वाजता ते दाराशी खाकरायचे, उंदीर दचकू नयेत म्हणून, आणि पिंजऱ्यांची ढकलगाडी घेऊन आत यायचे. उंदरांना खोलीची सवय व्हावी म्हणून बाईंनी तसा नियमच केला होता. आत आले की मामा पहिल्यांदा माझं बटण दाबायचे. टक्. "आहेस ना रे बाबा?" असं म्हणून माझ्या पेटीवर थाप मारायचे. मग उंदरांपाशी दोन मिनिटं घुटमळून गाडी शेजारच्या खोलीत न्यायचे. सबंध इमारतीत रोज माझी विचारपूस करणारा हा एकच माणूस. मी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, पण मामांवर नाही.

चिमटीचा प्रयोग असा होता. प्रत्येक पिंजऱ्यात एक चाक. उंदीर चाकावर पळतो, का पळतो ते त्यालाच ठाऊक. एकेक पिंजरा टेबलावर आणायचा, काचेची तार जोडायची, उंदीर रंगात येऊन पळायला लागला की माझं बटण दाबायचं. चिमटीचं म्हणणं होतं की "पुरे आता, थांब" हे मेंदूला सांगण्याचं काम तारापेशी करतात.

पहिल्याच दिवशी टक् झालं आणि उंदीर थांबला. नुसता थांबला नाही, चाकावरून उतरला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि नाक वर करून स्थिर झाला.

चिमटी किंचाळली. "बाई! बाई, या! हा विचार करतोय!"

बाई आल्या. त्यांनी तीनदा बटण दाबायला लावलं. उंदीर तीनदा थांबला, तीनदा नाक वर. चिमटीने वहीत या प्रकाराला 'चिंतनमुद्रा' असं नाव दिलं. मला तर वाटलं, मी उंदरांना अध्यात्म शिकवतोय.

बाई मात्र भुवई उंचावून म्हणाल्या, "इतक्या लगेच? या पेशी आळशी असतात गं. त्यांना जागं व्हायलाच काही सेकंद लागतात."

"आपला दिवा जोरदार आहे ना, बाई."

"त्याला उजेड दिसत तर नाही? डोळ्यांनी?"

प्रश्न बरोबर होता. चिमटीने तारेला आणि जोडाला काळी पट्टी अशी गुंडाळली की उजेडाचा एक कण बाहेर येईना. टक्. उंदीर थांबला, नाक वर.

"बघा!" चिमटी म्हणाली. बाईंची भुवई खाली आली, पण पूर्ण नाही. अर्ध्यावर राहिली.

मित्रांनो, त्या वेळी सगळ्यांनी उंदराच्या डोळ्यांचा विचार केला. उंदराला आणखीही काही अवयव असतात.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. माझा फोटो निघाला. कॉरिडॉरमध्ये माझ्या कामाचा तक्ता लागला. बाहेरून येणारी माणसं वाकून माझ्याकडे बघायची आणि "हाच का तो?" म्हणायची. कंपाउंडरच्या औषधाला कुणी विचारेना. त्याचे उंदीर औषध टोचल्यावर अर्ध्या तासाने जरासे मंद व्हायचे, बस. ना चिंतन, ना मुद्रा. शिवाय त्यालाच शंका आली की औषधाचा काही भाग अंगात गेल्यावर बदलून भलतंच औषध होतोय आणि उंदीर त्यानेच पेंगतायत. म्हणून त्याने कुलूप न बसवलेल्या उंदरांनाही तेच औषध टोचून बघितलं. तेही पेंगले. बिचाऱ्याने मात्रा कमी केली आणि पाच महिन्यांचं काम फाडून टाकलं.

चिमटी म्हणाली, "काय कंपाउंडर, सर्दी-खोकल्याची पुडी बांधून देतोस का एखादी?"

"हस. तुझ्या दिव्यावर एकदा तरी संशय घेतलास का?"

"चांगल्या माणसांवर घेत नाही मी."

मला गहिवरून आलं. आणि त्याच क्षणी माझी खात्री पटली की कंपाउंडर जळतो.

चिमटीने सगळं लिहून एका मासिकाकडे पाठवलं. तिचं सहावं वर्ष चालू होतं. एका दुसऱ्या शहरात तिची नोकरी ठरली होती. पदवी हातात घेऊन या, जागा सहा महिने राखून ठेवतो, असं त्यांनी कळवलं होतं. तिची आई दर रविवारी फोन करायची आणि फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू यायचं, "अजून उंदीरच का गं?"

मासिकाचं उत्तर आलं. काम छान आहे, पण ज्यांच्या पेशींवर दार बसवलेलंच नाही अशा उंदरांवर हाच उजेड टाकून बघितलात का? आणि कुठला उंदीर कुठला, हे प्रयोग करणाऱ्याला माहीत नसताना?

"संशयी मेले," चिमटी म्हणाली. मला ते लोक मनापासून आवडले.

आठ नवे उंदीर आले. चौघांना दाराचा नकाशा दिला, चौघांना कोरा विषाणू. कुणाला काय दिलं ते फक्त बाईंना माहीत. त्यांनी यादी लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवून आपल्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. उंदरांच्या शेपटीवर नुसते आकडे, एक ते आठ. पेशींवर दारं बसायला तीन आठवडे लागतात. ते तीन आठवडे मामा त्यांना रोज सकाळी माझ्या खोलीत आणायचे. खाकरणं, टक्, "आहेस ना रे बाबा?", थाप, दोन मिनिटं घुटमळणं. सगळं नेहमीसारखं.

याच दिवसांत फोलपटाचं प्रकरण झालं.

चिमटीला टेबलाखाली सूर्यफुलाच्या बीचं फोलपट सापडलं. तिने ते चिमटीनेच उचललं, काचेच्या बशीत ठेवलं आणि तडक कंपाउंडरसमोर नेऊन आदळलं.

"हे काय आहे?"

"फोलपट आहे."

"ते मलाही दिसतंय. प्रयोगाच्या खोलीत खायला बंदी आहे, माहितीये ना?"

"मग मला काय सांगतेस? मी सूर्यफूल कशाला खाऊ? मी काय पोपट आहे?"

"माझ्या खोलीत तू कशाला जातोस तेच मला कळत नाहीये."

"मी जातच नाही. जायचं झालं तर सोबत साक्षीदार घेऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी आणखी दोन फोलपटं. चिमटीने खोलीच्या दाराला दोरा बांधला, कुणी आत गेलं तर तुटावा म्हणून. सकाळी मामांनी दोरा सोडला, आपलं काम केलं आणि जाताना व्यवस्थित पुन्हा बांधला. वस्तू होती तशी ठेवायची, हा मामांचा नेमच होता. नऊ वाजता चिमटीला दोरा शाबूत दिसला, आत फोलपटं चार. तिने कंपाउंडरच्या डब्याची झडती घेतली. कंपाउंडरने जशास तसं म्हणून बाईंकडे तक्रार केली की चिमटी बहुतेक पाकिटाच्या खणाभोवती घोटाळते. बाईंनी खणाला दुसरं कुलूप लावलं आणि त्याची किल्ली कुठे ठेवली ते स्वतःच विसरल्या.

मी हे सगळं बघत होतो. मामा बिया देतात हे मला दिसत होतं का? दिसत होतं, मित्रांनो. रोज दिसत होतं. शर्टाच्या खिशातून आठ बिया काढायचे, प्रत्येक पिंजऱ्यात एकेक टाकायचे. पण मामांचं घुटमळणं मला कधी संशयास्पद वाटलंच नाही. जो रोज आपल्या पाठीवर थाप मारतो, त्याचे खिसे कोण तपासतो?

तीन आठवडे झाले. प्रयोग सुरू झाला. एक नंबर: टक्, थांबला, नाक वर. दोन नंबर: थांबला. तीन नंबर जरा जाडा होता, तो तर चाकावरून उडी मारूनच खाली आला. चार, पाच, सहा. प्रत्येक वेळी चिमटीचा चेहरा उजळत गेला आणि मग पाचव्याला एकदम उतरला, कारण तिला आकडेमोड कळत होती. चौघांनीच थांबायला हवं होतं. सातवा थांबला. आठवाही थांबला.

बाईंनी खण उघडायला सुताराला बोलावलं. पाकीट फोडलं. यादीत ठरल्याप्रमाणे चारच दारवाले होते, बाकीचे चार कोरे.

मग चिमटी म्हणाली, "पिंजरे बदललेत कुणीतरी."

"शेपटीवर आकडे आहेत," बाई म्हणाल्या.

"आकडे पुसून पुन्हा लिहिलेत. ज्याच्याकडे औषध आहे त्याच्याकडे स्पिरिटही असतं."

कंपाउंडर खुर्चीवरून उठला. मला वाटलं आता भांडण होणार. पण तो शांतपणे म्हणाला, "ऐक. मी माझ्या औषधावर सगळ्यात आधी संशय घेतला. पाच महिने वाया गेले, पण उरलं ते खरं आहे. तू माझ्या डब्यावर घेतलास, दोऱ्यावर घेतलास, शेपट्यांवर घेतलास. आता एकदा त्याच्यावर घे."

आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

चिमटी माझ्याजवळ आली. मग तिने काचेची तार माझ्या तोंडातून काढली. काळी चिकटपट्टी घेतली आणि माझ्या तोंडावर एकावर एक तीन पदर लावले. आता माझ्यातून उजेडाचा एक थेंबही बाहेर पडणं शक्य नव्हतं. तीन नंबरचा जाडा चाकावर रंगात येऊन पळत होता. चिमटीने बटण दाबलं.

टक्.

उंदीर थांबला. खाली उतरला. नाक वर केलं.

मित्रांनो, मी अंधारात होतो आणि उंदीर चिंतन करत होता. आयुष्यभर मी ज्याच्या जिवावर मिरवलो त्यात माझा उजेड कुठेच नव्हता. कॅमेऱ्यातून उसनी आणलेली झडप होती. पत्र्याचा एक तुकडा.

चिमटीने बटणावरचा हात काढला. "सहा वर्षं," ती म्हणाली. एवढंच. कंपाउंडरने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

"आवाजाला दचकत असेल," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"दचकला तर पळेल ना? हा उतरून वर बघतोय. कुणाची तरी वाट बघितल्यासारखा."

हे वाक्य बोलून झाल्यावर तिने टेबलाखालच्या फोलपटांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती सातच्या आधी आली आणि टेबलामागे खुर्चीत बसून राहिली. सात वाजता दारात मामा खाकरले. गाडी आत आली. टक्. "आहेस ना रे बाबा?" थाप. आणि गाडीवरची आठही चाकं थांबली, आठही नाकं वर झाली. मामांनी खिशात हात घातला.

"मामा."

मामांच्या हातातून बिया सांडल्या. "अगं पोरी! केवढ्याने दचकलो."

"काय करताय?"

"नाश्ता देतोय."

"रोज?"

"मग, अधूनमधून का? तुम्ही त्यांच्या डोक्याला भोक पाडता, तार घालता, उजेड सोडता. मी काही म्हणतो का? तुमचं शिक्षण तुमच्यापाशी. पण एक बी दिली तर बिघडलं कुठे?"

"बटण कशाला दाबता पण?"

"दिवा चालू आहे का बघायला. नाहीतर नऊ वाजता तूच ओरडशील, मामा, दिवा लागत नाही, मामा, धावा."

"आणि दोरा?"

"कुणाचा होता तो? मी रोज बांधून ठेवायचो हो. गाठ जरा कच्ची होती, मी पक्की केली."

चिमटी हसायला लागली. मग तिचं हसणं रडण्यात गेलं, मग पुन्हा हसण्यात आलं. मामा घाबरून कंपाउंडरला बोलवायला धावले, आणि गंमत म्हणजे चिमटीने त्याला पाहिल्या पाहिल्या दोन्ही हात जोडले. "चुकले बाबा. तुझ्या डब्याचीसुद्धा माफी मागते."

"डबा विचार करून सांगेल," तो म्हणाला.

बाईंनी मामांना रागावायचा प्रयत्न केला, पण रागावायचं कशावरून ते त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाल्या, "मामा, बिया द्या, पण या दिव्याचं बटण दाबून नाही. कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार. शब्द देतो," मामा म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून माझ्या पाठीवरची थापही बंद झाली.

मग नवा दिवा आला. पांढरा, गुळगुळीत, झडप नाही, आवाज नाही. लागतो कधी, विझतो कधी, कळतसुद्धा नाही. असला माणूस मी कधी शेजारी बसवला नसता. पुन्हा आठ नवे उंदीर, पुन्हा पाकीट, पुन्हा तीन आठवडे. या वेळी प्रयोग चालू असताना खोलीत कुणीच नाही, फक्त कॅमेरा. आणि मी, कपाटावर, हातमोज्यांच्या खोक्याखाली.

मी मनातल्या मनात धावा करत होतो की काहीच होऊ नये. खोटं कशाला बोलू? माझ्या हातून झालं नाही ते त्या गुळगुळीताच्या हातून व्हावं, असं मला वाटेना.

निळा उजेड लागला. उंदीर पळतच राहिला. पाच सेकंद. आठ. दहा. मी खूश व्हायला लागलो. बाराव्या सेकंदाला त्याचा वेग कमी झाला. चौदाव्याला तो थांबला. नाक वर नाही, उडी नाही, मुद्रा नाही. दमून घरी आलेला माणूस उंबऱ्यात थांबतो, तसा नुसता थांबला.

पाकीट उघडलं. थांबलेले चार, आणि चौघेही दारवाले. न थांबलेले चार, चौघेही कोरे. कंपाउंडरच्या कमी मात्रेच्या औषधानेही तेच दाखवलं होतं, फक्त आणखी सावकाश. बाई म्हणाल्या, "आळशी असतात म्हटलं होतं ना?" आणि त्यांची भुवई अखेर पूर्ण खाली आली.

म्हणजे मित्रांनो, खरी गोष्ट तिथे होतीच. पहिल्या दिवसापासून माझ्या उजेडातही असणार. पण मी इतक्या जोरात टक् करायचो की उंदीर आधीच उतरून बीची वाट बघायचा, आणि बिचाऱ्या तारापेशींना बोलायची पाळीच यायची नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. त्यांच्या झडपांना वेळच्या वेळी तेल घाला, म्हणजे त्यांचा आवाज कमी होईल आणि त्यांना स्वतःबद्दल भलते समज होणार नाहीत. आणि तुम्ही आलात की सगळे थांबतात, असं कधी वाटलं, तर एकदा तोंडाला काळी पट्टी लावून बघा. दुसऱ्यांचे डबे मग तपासा.

चिमटीचा प्रबंध पूर्ण झाला. 'चिंतनमुद्रा' हा शब्द तिने सगळीकडून काढला. नोकरीची मुदत संपायला सात आठवडे होते आणि तोंडी परीक्षा तेवढी बाकी होती. आईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आता उंदीर संपले गं आई. फक्त परीक्षक उरलेत."

मामा अजूनही रोज सकाळी सात वाजता येतात. माझ्याकडे एकदा बघतात, पण बटणाला हात लावत नाहीत. दाराशी खाकरतात, आत येतात आणि बिया देतात. मी ते कपाटावरून बघत असतो. गेल्या काही दिवसांपासून मला एक संशय येतोय, पण मला कोण विचारतो?

परवा परीक्षा झाली. परीक्षक वयस्कर होते, प्रबंध त्यांना आवडला होता. ते म्हणाले, एकदा प्रत्यक्ष दाखवा. मामांनी ढकलगाडी आत आणली. आठही उंदीर चाकांवर पळत होते. बाई, कंपाउंडर, मामा भिंतीला लागून उभे राहिले. चिमटीने नव्या दिव्याची तार हातात घेतली आणि सांगायला सुरुवात केली की उजेड पडल्यावर साधारण चौदाव्या सेकंदाला फक्त चार उंदीर थांबतील.

परीक्षकांच्या घशात काहीतरी अडकलं. ते खाकरले.

आठही चाकं थांबली. आठही नाकं वर झाली. दिवा अजून लावलेला नव्हता.

परीक्षा पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला पुन्हा ठेवली आहे.